हत्याराची पारख

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वार्षिकांत कोणी सहलीविषयीं लिहितो, कोणी थोर पुरुषाचें चरित्र सांगतो, कोणी पावसाळ्याचें वर्णन करतो. मी ह्या शाळेचा एक माजी विद्यार्थी. माझ्यापाशीं सांगण्यासारखें जें आहे तें इतकें भव्य नाहीं. तें आहे कापण्याच्या हत्यारांविषयीं, आणि चुकीच्या हत्यारानें बिघडविलेल्या एका वस्तूविषयीं. परंतु ती वस्तु म्हणजे विमानाचें सुकाणू होतें, व बिघडविणारा मी होतों; म्हणून ही हकीकत तुमच्यापुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यांतील ही गोष्ट. माझी दहावीची परीक्षा आटोपली होती आणि निकालाला अवकाश होता. आमच्या आळीच्या टोकाला एक सेवानिवृत्त गृहस्थ राहत. नाशिकजवळ ओझर येथें इ. स. १९६४ मध्यें मिग विमानांचा जो कारखाना निघाला, त्यांत फिटरचें काम करण्यांत त्यांची हयात गेली होती. आम्ही सारीं मुलें त्यांना काका म्हणत असूं. निवृत्तीनंतर त्यांनीं आडगांवच्या बाजूला, द्राक्षबागांच्या शेजारीं, पत्र्याची एक शेड घेतली होती, आणि तींत ते दोन माणसांचें एक लहान विमान स्वतःच्या हातांनीं बांधीत होते. शेडच्या भिंतीवर वर्तमानपत्रांतील एक कात्रण डकविलेलें असे. मुंबईस कांदिवलींत राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनीं बांधलेलें विमान त्याच वर्षीं फेब्रुवारींत वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें होतें. त्याचें तें छायाचित्र. "गच्चीवर होतें, तर शेडमध्यें कां होऊं नये?" असें काका म्हणत. वडिलांची परवानगी घेऊन मी त्या सुटींत काकांच्या हाताखालीं जाऊं लागलों.

काकांचें विमान पत्र्याचें नव्हतें, लाकडाचेंही नव्हतें. तें बव्हंशीं काचेचें होतें. हें ऐकून मी प्रथम हसलों. काचेचें भांडें हातांतून निसटलें तर त्याचे शंभर तुकडे होतात, हें कोणाला ठाऊक नाहीं? परंतु तीच काच वितळवून केसाहून कितीतरी बारीक असे तंतु ओढले, त्या तंतूंचें कापड विणलें, आणि तें कापड एपॉक्सी नांवाच्या राळेंत भिजवून थरावर थर असें बसविलें, म्हणजे राळ कडक झाल्यावर जो पदार्थ तयार होतो तो वजनाला हलका आणि ओढीला मोठा चिवट असतो. बाजारांत ह्यालाच नुसतें 'फायबर' म्हणतात. पाण्याच्या टांक्या, मोटारींचे भाग, होड्या यांत तो आपण नित्य पाहतों. जर्मनींत इ. स. १९५७ मध्यें 'फीनिक्स' नांवाचें बिनएंजिनाचें विमान ह्या पदार्थाचें बनविण्यांत आलें. अमेरिकेंत बर्ट रुटान यांनीं योजिलेलें 'व्हेरीईझी' हें लहान विमान इ. स. १९७५ मध्यें उडालें, व त्याच्या नकाशांवरून पुष्कळांनीं आपापल्या घरीं विमानें बांधलीं. आपल्या देशांतही बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचें 'हंसा' हें दोन आसनांचें शिकाऊ विमान ह्याच जातीचें, तें इ. स. १९९३ मध्यें प्रथम आकाशांत गेलें.

रुटान यांचीच रीत काकांनीं पत्करली होती. प्रथम हलक्या फोमचा गाभा हव्या त्या आकाराचा कापावयाचा. पॉलिस्टायरीनचा फोम असेल तर तो तापलेल्या तारेनें लोण्यासारखा कापतां येतो. परंतु युरेथेनच्या फोमला तापलेली तार कधींही लावावयाची नाहीं, कारण त्यांतून विषारी वायु निघतो. तो सुरीनें कापून व घासूनच आकारास आणावयाचा. मग त्या गाभ्यावर काचेचें कापड अंथरून तें राळेनें भिजवावयाचें. कापड गाभ्याच्या कडेपलीकडे चार बोटें बाहेर राहूं द्यावयाचें, आणि बाहेर राहिलेला भाग मागाहून छाटून टाकावयाचा. हें छाटणें हेंच माझ्या गोष्टीचें मूळ होय.

ह्या कामाला, काकांच्या शब्दांत, 'तीन वेळा आणि तीन हत्यारें' होतीं. कापड कोरडें असतांना मोठी धारदार कात्री. ती दुसऱ्या कशालाही लावावयाची नाहीं, कागदालासुद्धां नाहीं. राळ लावून कांहीं तास लोटले म्हणजे ती बोटाला चिकटत नाहीं, पण अजून दगडही झालेली नसते, अशी एक घटका येते. त्या घटकेला कोरें पातें घातलेली सुरी कडेवरून फिरविली कीं कापड चामड्यासारखें सरळ कापलें जातें; धूळ नाहीं, आवाज नाहीं. ती घटका हुकली म्हणजे मात्र राळ व काच एकजीव होऊन बसतात, आणि मग करवत, कानस व पॉलिश पेपर यांच्यावांचून गत्यंतर नसतें. "आपले बागाईतदार बघ," काका म्हणत, "खरड छाटणीला ते एक कात्री घेतात आणि मण्यांच्या विरळणीला दुसरी. छाटणीची कात्री घडांत घातली तर घड राहील काय?"

एके दिवशीं सकाळीं आम्हीं सुकाणूच्या दुसऱ्या अंगावर कापड बसविलें. सुकाणू म्हणजे विमानाच्या शेपटीवरील उभी फळी; बिजागऱ्यांवर डावीउजवीकडे वळून ती विमानाचें तोंड फिरविते. काकांना निफाडला एका लग्नाला जावयाचें होतें. जातांना ते म्हणाले, "चार तासांनीं बोट लावून बघ. चिकटलें नाहीं तर सुरीनें कड छाट. चिकटलें तर थोडा थांब. पण जागचा हलूं नकोस." मी "हो काका" म्हणालों. परंतु वैशाखाचें ऊन, पत्र्याची शेड, आणि गंगेवर पोहावयास निघालेले मित्र! तासाभरांत परत येतों, असें मनाशीं म्हणून मी जो गेलों, तो परतलों तेव्हां दिवस कलला होता. उन्हाळ्यांत राळ अधिकच लवकर कडक होते. कडेला हात लागतांच माझ्या छातींत धस्स झालें. सुरीचें पातें तिच्यावरून नुसतें सरकलें आणि टचकन् मोडलें.

आतां बारीक दात्यांची करवत घेऊन तास-दीड तास धीरानें काम करावें, एवढेंच उरलें होतें. परंतु मला माझा उशीर लपवावयाचा होता. अंबडच्या औद्योगिक वसाहतींत फायबरच्या टांक्या कापतांना मीं पाहिल्या होत्या. तेथें कारागीर ग्राइंडर फिरवून पांच मिनिटांत हातभर कड उडवून देतात. शेडच्या कोपऱ्यांत लोखंड कापण्याचा एक ग्राइंडर होता. त्याला हात लावूं नको, असें काकांनीं सांगितलें नव्हतें. मी लावीन, असें त्यांच्या मनांतच आलें नसावें. पहिली वीतभर कड झरझर निघाली. पांढऱ्या धुळीचा लोट उठला, राळ जळल्याचा वास आला, आणि मला वाटलें, काका सुरीकरवतीचें उगाच स्तोम माजवितात. इतक्यांत चकती कडेंत अडकली, हाताला हिसका बसला, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच ती खालच्या बिजागरीजवळ सुकाणूच्या अंगांत घुसली.

बोटभर लांब चीर पडली होती. कापडाचे दोन्ही थर तुटून आंतला फोम दिसत होता, व चिरेभोंवतींचा रुपयाएवढा भाग पांढुरका झाला होता. थर एकमेकांपासून सुटले कीं फायबरवर असा पांढरा डाग उमटतो, हें मला काकांनींच दाखविलें होतें.

यानंतर मीं जें केलें तें सांगावयास आजही लाज वाटते. राळेंत हलकी पांढरी भुकटी कालवून जी लांबी करतात, जिला रंगारी पुट्टीही म्हणतात, ती मीं कालविली, चिरेंत दाबून भरली, आणि डाग दिसूं नये म्हणून सुकाणूच्या साऱ्या अंगावर तिचा पातळ हात फिरविला. दुसऱ्या दिवशीं काका येण्यापूर्वीं पॉलिश पेपरनें घासून सर्व सपाट केलें. काम इतकें सफाईदार झालें कीं माझें मलाच कौतुक वाटलें. काका आले, त्यांनीं सुकाणू उचलून उजेडाकडे धरलें, कडेवरून अंगठा फिरविला व विचारलें, "कड कशानें छाटलीस?"

"करवतीनें," मी म्हणालों.

"शाबास," ते म्हणाले.

हा शब्द त्यापूर्वीं मला कधीं टोंचला नव्हता. त्या रात्रीं, आणि पुढच्याही दोन रात्रीं, मला नीट झोंप लागली नाहीं. शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टांत आम्ही दरवर्षीं ऐकत असूं, आणि त्या मूर्ख माणसाला मनांत हसत असूं. परंतु त्याचें घर निदान त्याचें स्वतःचें होतें. माझें सुकाणू दुसऱ्याला घेऊन पडणार होतें. त्या विमानांत काका स्वतः बसणार होते. त्यांच्या घरीं काकू होत्या, नातवंडें होतीं. लांबीवर रंगाचा एक हात चढला असता म्हणजे माझें पाप जगांत कोणालाही दिसलें नसतें, आणि हेंच मला सर्वांत भयंकर वाटूं लागलें.

चौथ्या दिवशीं सकाळीं मी शेडवर गेलों तो काका रंगाचे डबे उघडीत होते. मी म्हणालों, "काका, सुकाणूंत खोट आहे. ती मीं केली, आणि मींच झांकली." मग गंगेवर गेल्यापासून सारें सांगितलें.

काका कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं खिशांतून एक रुपया काढला आणि त्या नाण्यानें सुकाणूवर टकटक करीत ते वरून खालीं येऊं लागले. नाशिकच्या तांबट आळींत भांडें घेतांना आपल्या आज्या तें बोटानें वाजवून घेत, तसाच हा प्रकार. चांगल्या जागीं आवाज टणक व स्वच्छ येत होता. बिजागरीजवळ माझ्या लांबीपाशीं येतांच तो बद्द झाला.

"खरें सांगूं?" ते म्हणाले, "मला कळलें नसतें. तूं करवतीनें म्हणालास, आणि मी तेंच धरून चाललों. रंगाखालीं हें मीं वाजवून पाहिलें नसतें." थोड्या वेळानें ते पुन्हां म्हणाले, "लांबी आकार देते रे, बळ देत नाहीं. बळ तंतूंत असतें. तंतु तुटले ते तुटले. आणि सुकाणूवर वाऱ्याचा जो जोर येतो तो सारा बिजागरीवाटेच विमानाला पोंचतो."

अशी चीर दुरुस्त होतच नाहीं असें नाहीं. चिरेभोंवतीं दर थरामागें सुमारें एक इंच असा उतार घासून काढावा व त्यावर नवे थर द्यावेत, अशी रीत आहे. परंतु बिजागरीच्या कांठाला तेवढी जागा नव्हती, आणि ग्राइंडरच्या उष्णतेनें आंतला फोम कोठवर वितळला असेल हें बाहेरून सांगतां येत नव्हतें. काकांनीं दोन तास नकाशा पुढें घेऊन विचार केला व शेवटीं सुकाणू मोडीत काढलें. तीन आठवड्यांचें काम होतें तें. मी रडूं लागलों. काकांनीं तें सुकाणू माझ्या हातांत दिलें आणि म्हणाले, "हें आतां तुझें. ह्याचे तुकडे कर, आणि शेडमधलें प्रत्येक हत्यार ह्यावर चालवून बघ. कोणतें हत्यार कड कशी करतें तें भिंगांतून पाहा व वहींत लिहून ठेव."

ती वही अद्याप माझ्यापाशीं आहे. तिच्यांतील कांहीं नोंदी येथें देतों.

सुताराची मोठ्या दात्यांची करवत फायबरला निरुपयोगी. तिचे दाते तंतूंना कापीत नाहींत, उपटतात. कड झालरीसारखी होते. हॅकसॉचें इंचाला ३२ दाते असलेलें पातें चांगली कड देतें. परंतु काच पोलादाची धार खाऊन टाकते, म्हणून पातीं पुष्कळ लागतात. पातें बोथट झालें कीं हात जोर करूं लागतो, आणि जोर केला कीं थर सुटतात. यास्तव पात्याची काटकसर करूं नये. कार्बाइडचे कण बसविलेलें, दाते नसलेलें पातें हळू कापतें, पण तें तंतु उपटीत नाहीं व फार दिवस टिकतें. सरळ लांब कडेला मला तेंच सर्वांत आवडलें. हातांत मावणाऱ्या लहान यंत्रावर हिऱ्याचे कण लावलेली चकती बसविली तर ती जेथें करवत पोंचत नाहीं तेथें उपयोगी पडते. मात्र ती दाबावयाची नाहीं, आपल्या गतीनें चालूं द्यावयाची. दाबली तर राळ तापून मऊ पडते. घरगुती हवेंत कडक झालेली राळ फार उष्णता सोशीत नाहीं. अशा विमानांना पांढरा रंग देतात तो ह्याचसाठीं, कीं उन्हानें अंग तापूं नये.

कानस नेहमीं थरांवर दाबली जाईल अशा दिशेनेंच ढकलावी. उलट ओढली तर ती वरचा थर उचलते. छिद्र पाडावयाचें असेल तर मागें लाकडाचा तुकडा घट्ट धरावा, म्हणजे ड्रिल बाहेर पडतांना मागचा थर फुटत नाहीं. रेषेवर चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करावी. आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, कोणत्याही हत्यारानें रेषेवर कापूं नये. रेषेच्या बाहेर एक सूत सोडून कापावें, व उरलेलें सूत लाकडी ठोकळ्यावर लावलेल्या पॉलिश पेपरनें हळूहळू रेषेपर्यंत आणावें. घासावयाची ती कड; सपाट अंग घासून त्याचे तंतु झिजवूं नयेत.

धुळीविषयींही एक नोंद आहे. पहिल्या दिवशीं मीं अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला होता. पुढें दोन दिवस हात खाजवीत बसलों. काचेची ही धूळ डोळ्यांत व छातींत जातां कामा नये. नाकातोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगांत पुऱ्या बाह्यांचा वेगळा सदरा, आणि काम संपल्यावर आधीं थंड पाण्यानें अंग धुणें, हा काकांचा नियम होता. वडील माणूस जवळ असल्यावांचून तुम्हीं ह्या वाटेला जाऊं नये, हें वेगळें सांगावयास नको.

आठ दिवसांनीं काकांनीं वही वाचली व विचारलें, "मग कोणतें हत्यार चांगलें ठरलें?" मीं कार्बाइडच्या पात्याचें नांव घेतलें. ते म्हणाले, "असेल. पण दुकानांत गेलास म्हणजे हत्यार किती भरभर कापतें हें दुकानदार न विचारतां सांगेल. चुकलें तर तें किती बिघडवील, हें तूं विचार. करवत चुकली तर केसभर चुकते, आणि हात थांबतो. ग्राइंडर चुकला तर हात थांबेपर्यंत सारें होऊन गेलेलें असतें." ग्राइंडरला त्यांनीं कधीं दोष दिला नाहीं. टांकी कापणाऱ्या कारागिराच्या हातांत तो योग्यच आहे. टांकीला उडावयाचें नसतें.

मग आम्हीं नवें सुकाणू केलें. ह्या वेळीं राळ लावून झाल्यावर मी घड्याळ पुढें ठेवून शेडमध्येंच बसून राहिलों. दर अर्ध्या तासानें टाकाऊ कडेला बोट लावून पाहत होतों. ती घटका आली तेव्हां काकांनीं कोरें पातें घालून सुरी माझ्या हातांत दिली. साऱ्या छाटणीला दहा मिनिटेंही लागलीं नाहींत. ज्या श्रमाच्या भयानें मीं ग्राइंडर उचलला होता, तो श्रम मुळांत करावयाचाच नव्हता. फक्त वेळेवर हजर राहावयाचें होतें. दुसऱ्या दिवशीं काकांनीं खिशांतला रुपया काढला, पण सुकाणू स्वतः वाजविलें नाहीं. तें नाणें त्यांनीं माझ्या हातावर ठेवलें. वरपासून खालपर्यंत आवाज एकसारखा स्वच्छ आला.

काकांचें विमान अजून जमिनीवरच आहे. घरीं बांधलेल्या विमानाला उडण्यापूर्वीं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी लागते, आणि ती मिळेपर्यंत धीर धरावा लागतो. कॅप्टन यादव यांच्या विमानाची नोंदणीही प्रदर्शनानंतर, इ. स. २०१७ मध्यें झाली. काकांना त्याची घाई नाहीं. घाईचें काय होतें हें आम्हीं दोघांनीं पाहिलें आहे.

बालमित्रांनो, तुमच्यापैकीं बहुतेकांना विमान बांधावयाचें नाहीं. परंतु प्रत्येकाच्या हातून केव्हांना केव्हां कांहीं बिघडेल, आणि जवळच लांबीचा डबाही असेल. तो उघडण्यापूर्वीं त्या वस्तूंत कोण बसणार आहे हें आठवा. आणि पालकांना माझी एक नम्र विनंति आहे. मीं खोट सांगितली तेव्हां काका रागें भरून मला हांकलून देते, तर त्या सुटींत मी एकच गोष्ट शिकलों असतों. ती ही कीं, पुढच्या वेळीं सांगावयाचें नाहीं. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं तीन आठवड्यांचें काम मोडलें, आणि मला पुन्हां हातांत सुरी धरूं दिली.